तरंगा, गाठ आणि शिशाची गोळी

गळ टाकून बसलेल्या माणसाकडे लांबून पाहिले तर तो काहीच करत नाही असे वाटते. जवळ गेल्यावर कळते की तो पाण्यावरच्या एका लहानशा रंगीत ठिपक्याकडे टक लावून बसला आहे. हा ठिपका म्हणजे दोऱ्याला अडकवलेला एक हलका, तरंगणारा तुकडा. कधी लाकडाचा, कधी बुचाचा, कधी पोकळ प्लॅस्टिकचा. इंग्रजी बोलणारे त्याला फ्लोट किंवा बॉबर म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला 'तरंगा' म्हणू. पाण्याखाली काय चालले आहे ते माणसाला दिसत नाही. दिसते ते एवढेच, की तरंगा किती बुडाला, किती वर आला, उभा आहे की आडवा. प्रयोगशाळेत आपण तराजूच्या काट्याकडे जसे पाहतो तसाच तो तरंग्याकडे पाहत असतो.

आपण इथे एकाच प्रकारच्या तरंग्याचा विचार करणार आहोत. तो आहे दोऱ्यावर सरकणारा तरंगा, आणि त्याच्याखाली लटकणारे 'जिग' नावाचे वजनदार आमिष. ही जोडी उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांवर फार वापरली जाते. आर्किमिडीजचे तत्त्व, प्लवनाचा नियम, गुरुत्वमध्य, लाटांची गती असे माध्यमिक शाळेत शिकवले जाणारे बरेच काही या तळहातावर मावणाऱ्या साधनात एकत्र आले आहे. शिवाय त्यात एक विषही आहे. त्याच्याकडे आपण शेवटी वळू, कारण ते आपल्या शाळांच्या कपाटातही असू शकते.

प्रथम तरंगा सरकता का असावा ते पाहू. साध्या तरंग्याला दोरा पक्का बांधलेला असतो. तरंग्यापासून गळापर्यंत जितका दोरा, तितक्या खोलीवर आमिष. पाणी उथळ असेल तर हे छान चालते. पण काठी दोन मीटर लांब आहे आणि मासे पाच मीटर खोल आहेत असे समजा. तरंगा गळापासून पाच मीटरवर पक्का बसवला, तर दोरा रिळावर गुंडाळताना तो काठीच्या टोकाशी येऊन अडतो, आणि त्याखाली पाच मीटर दोरा लोंबतच राहतो. लागलेला मासा हाती येणार कसा? आणि पुन्हा गळ फेकायचा तर ही पाच मीटरची शेपटी घेऊन काठी फिरवायची कशी?

मुळात मासे पाच मीटरवरच का असतात, हाही प्रश्न विचारायला हवा. अमेरिकेतले मिनेसोटा हे राज्य 'दहा हजार सरोवरांचे राज्य' म्हणून ओळखले जाते. शेवटच्या हिमयुगात हिमनद्यांनी कोरून आणि गाळ टाकून तिथली बहुतेक सरोवरे घडवली. पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला सर्वाधिक असते, हे आपण शिकवतोच. त्याचा हिवाळ्यातला परिणाम (वर बर्फ, खाली पाणी) पाठ्यपुस्तकांत असतो. उन्हाळ्यातल्या परिणामाबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. उन्हाने वरचे पाणी २२ ते २४ अंशांपर्यंत तापते आणि हलके होऊन वरच राहते. २४ अंशांच्या एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान ४ अंशांच्या पाण्यापेक्षा जेमतेम पावणेतीन किलोग्रॅमने कमी असते. पण एवढासा फरकही पुरतो. वारा वरचा थर ढवळतो, खालच्या थरापर्यंत त्याचे हात पोहोचत नाहीत. मध्ये एक पट्टा असा असतो की त्यात उतरताना तापमान झपाट्याने घसरते. खालच्या थंड पाण्याचा हवेशी संबंध तुटतो, तळाचा पालापाचोळा कुजताना तिथला ऑक्सिजन संपत जातो, आणि ज्या सरोवरांत कुजणारे द्रव्य भरपूर आहे त्यांत उन्हाळ्याच्या अखेरीस तळाशी माशांना श्वास घेण्यापुरताही तो उरत नाही. वर फार ऊन, खाली ऑक्सिजन नाही. मासे अशा वेळी मधल्या एखाद्या पट्ट्यात राहतात. आमिष त्याच पट्ट्यात ठेवायचे असेल तर खोली नेमकी साधता आली पाहिजे.

मिनेसोटाचा राज्यमासा वॉलआय. त्याच्या डोळ्यात प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. त्यामुळे त्याला अंधुक उजेडात चांगले दिसते आणि प्रखर उजेड तो टाळतो. दिवसा तो खोल जातो, तिन्हीसांजेला उथळ पाण्याकडे येतो. मिल लॅक्स नावाचे तिथले मोठे सरोवर याच माशासाठी प्रसिद्ध आहे. हे सरोवर विस्तीर्ण असले तरी सर्वांत खोल ठिकाणी सुमारे १३ मीटरच आहे, आणि वारा त्याला ढवळत राहतो. तिथे प्रश्न थरांचा नसून तळाचा आहे. पाण्याखाली दगडगोट्यांचे उंचवटे आहेत. आमिष तळाला टेकले तर गळ दगडांत अडकतो, फार वर राहिले तर मासा पाहत नाही. ते दगडांच्या वीतभर वर राहायला हवे. (आमिष म्हणून तिथे पुष्कळदा जिवंत जळू वापरतात! आपल्याकडच्या पावसाळ्यात पायाला चिकटणाऱ्या जळवांची आठवण झाली तर नवल नाही.)

आता सरकत्या तरंग्याची रचना. तरंग्याच्या मधून आरपार एक बारीक नळी असते, किंवा त्याच्या खालच्या टोकाला एक कडी असते. तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा) त्यातून मोकळा सरकतो. तंगुसाच्या टोकाला जिग बांधतात. जिगपासून पाच मीटरवर तंगुसावर दुसऱ्या धाग्याची एक घट्ट गाठ मारतात. गाठ इतकी लहान, की ती काठीवरच्या कड्यांतून सहज जाते आणि रिळावरही गुंडाळली जाते. पण मग ती तरंग्याच्या नळीतूनही निसटेल! म्हणून गाठ आणि तरंगा यांच्यामध्ये एक मणी ओवतात. मण्याचे भोक गाठीपेक्षा लहान, आणि मणी स्वतः नळीच्या तोंडापेक्षा मोठा. गाठ मण्याला अडते, मणी तरंग्याला.

गळ फेकताना तरंगा सरकून जिगपाशी आलेला असतो, म्हणजे लोंबणारी शेपटी नाहीच. पाण्यात पडल्यावर जिग खाली जाऊ लागते आणि तंगूस तरंग्यातून सरकत राहतो. पाच मीटर झाले की गाठ मण्यावर येऊन बसते आणि जिग तिथेच थांबते. मासा ओढून घेताना गाठ रिळावर गुंडाळली जाते आणि तरंगा पुन्हा जिगपाशी येतो. दोन मीटरच्या काठीने दहा मीटर खोलीही साधता येते. एका गाठीने काठीची मर्यादा काढून टाकली.

तंगूस सरकत असतो तोवर तरंग्यावर जिगचा भार जवळजवळ नसतो. त्यामुळे ज्या तरंग्याच्या बुडाशी स्वतःचे वजन बसवलेले नाही तो पाण्यावर आडवा पडून राहतो. गाठ मण्याला लागली की सगळा भार त्याच्या खालच्या टोकावर येतो. प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर, आणि भार खालच्या टोकातून खाली. आडव्या तरंग्यात ही दोन बले एका रेषेत नसतात, त्यामुळे बलयुग्म तयार होते आणि तरंगा फिरून उभा राहतो. उभा राहिला की दोन्ही बले एका रेषेत येतात. म्हणजे 'तरंगा उभा राहिला' याचा अर्थ 'जिग ठरवलेल्या खोलीवर लटकते आहे'. आणि तो आडवाच राहिला तर? तर एक शक्यता अशी की जिग आधीच तळाला टेकली, म्हणजे पाणी पाच मीटरपेक्षा उथळ आहे. मग गाठ थोडी थोडी खाली सरकवत जायचे. ज्या ठिकाणी तरंगा प्रथम उभा राहील तिथे गाठीची लांबी म्हणजेच पाण्याची खोली. तिथून गाठ आणखी ३० सेंमी. खाली घेतली की जिग तळापासून ३० सेंमी. वर राहील. आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालणारी खोलीमापक यंत्रे आज बोटींवर असतात, पण ही गाठ फुकटात तेच काम करते.

जिग म्हणजे काय तेही सांगायला हवे. गळाच्या दांड्यावर धातूची एक गोळी ओतून घट्ट बसवलेली असते आणि गळ पिसांनी, केसांनी किंवा मऊ रबरी शेपटीने झाकलेला असतो. तरंग्याखाली वापरायच्या जिगमध्ये तंगूस बांधायची कडी गोळीच्या माथ्यावर, दांड्याशी काटकोनात असते. कडी गुरुत्वमध्याच्या बरोबर वर असेल तर जिग आडवी लटकते, पोहणाऱ्या लहान माशासारखी. मागे जाड शेपटी लावली की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि जिगचे नाक वर होते. मग तंगुसाची गाठ कडीवर मागेपुढे सरकवून तोल साधतात. एक पट्टी दोऱ्याने टांगून तिचा तोल शोधायला आपण मुलांना सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

आता थोडे गणित करू. तरंग्याचे आकारमान ६ घनसेंमी. आणि वस्तुमान १.५ ग्रॅम आहे असे धरा. तो पूर्ण बुडाला तर ६ ग्रॅम पाणी बाजूला सारेल. जिग औंसाच्या आठव्या भागाची, म्हणजे सुमारे ३.५ ग्रॅमची, शिशाची. शिशाची घनता ११.३, म्हणून तिचे आकारमान ०.३१ घनसेंमी., आणि पाण्यातले तिचे भासमान वजन ३.५ वजा ०.३१, म्हणजे सुमारे ३.२ ग्रॅम-भार. तरंग्याला पेलायचे एकूण १.५ अधिक ३.२, म्हणजे ४.७. त्याची क्षमता ६. शिल्लक १.३ ग्रॅम-भार.

ही शिल्लक फार महत्त्वाची. तरंगा पूर्ण बुडवायला माशाला इतकेच बल लावावे लागते. वॉलआयसारखा मासा आमिष चावत नाही, ते शोषून घेतो. तोंडाची पोकळी एकदम फुगवली की पाणी आत धावते आणि पाण्याबरोबर आमिषही. त्या वेळी दोऱ्याचा विरोध जाणवला तर तो ते थुंकून टाकतो. म्हणून मासेमार तंगुसाला आणखी एखादी बारीक गोळी लावून शिल्लक कमी करतात. आपल्या उदाहरणात १.१ ग्रॅमची शिशाची गोळी लावली तर शिल्लक उरते ०.३ ग्रॅम-भार. एवढ्या बलाने तरंगा गडप होतो, आणि माशाला कळायच्या आत मासेमाराला कळते. शिल्लक जितकी मोठी तितका तरंगा 'दणकट' पण आंधळा. बाजारातला मोठा लाल-पांढरा चेंडू दिसायला देखणा असतो, पण अशा कामाला तो अगदीच ढिम्म आहे असे आमचे मत आहे.

त्याला कारण केवळ शिल्लक नाही, आकारही आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी तरंग्याचा जो काटछेद असतो त्यावर त्याची संवेदनशीलता ठरते. भारात १ ग्रॅमची वाढ झाली तर तरंग्याला आणखी १ घनसेंमी. पाणी बाजूला सारावे लागते. चार मिलिमीटर व्यासाच्या कांडीचा काटछेद ०.१२६ चौ. सेंमी. आहे, म्हणून ती जवळजवळ ८ सेंमी. खाली जाईल. अडीच सेंमी. व्यासाचा चेंडू मध्यावर तरंगत असेल तर तिथला काटछेद ४.९ चौ. सेंमी., आणि तो खाली जाईल फक्त २ मिलिमीटर! बल तेच, वाचन चाळीसपट वेगळे. दूध तपासायच्या लॅक्टोमीटरची मान बारीक का असते याचे उत्तर इथेच आहे. फुगा मोठा, कारण भार पेलायचा आहे. मान बारीक, कारण फरक दाखवायचा आहे. चांगल्या तरंग्याचेही असेच असते. पोट पाण्याखाली, आणि वर रंगवलेली बारीक कांडी. मासा आमिष घेऊन वर उठला तर तरंग्याचा भार कमी होतो आणि कांडी वर येते. हा 'उलटा' इशारा चेंडूवर दिसतच नाही.

मग सगळेच बारीक कांडी का वापरत नाहीत? याचे उत्तर लाटांत आहे.

वाऱ्याने सरोवरावर लाटा उठतात तेव्हा पाणी पुढे जात नाही, पाण्याचा प्रत्येक कण जागच्या जागी वर्तुळे काढतो. खोल जावे तशी ही वर्तुळे झपाट्याने लहान होतात. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ती पृष्ठभागावरच्या वर्तुळांच्या सुमारे ४ टक्केच उरतात. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये ३ मीटर अंतर असेल तर दीड मीटर खाली पाणी जवळजवळ शांत असते आणि पाच मीटर खाली पूर्ण स्तब्ध. पण तरंगा तर वरच आहे! लाट १० सेंमी. उंचीची असेल तर तो सुमारे १.४ सेकंदांत एकदा १० सेंमी. वरखाली होतो, आणि ताणलेल्या तंगुसामुळे पाच मीटर खालची जिगही त्याच्याबरोबर वरखाली होते. स्तब्ध पाण्यात एकटी जिग नाचते आहे. वाऱ्याने केलेली हालचाल, जी पाण्यातून तिथवर पोहोचू शकत नाही, ती दोऱ्यातून पोहोचली. पाण्यावर थोड्या लाटा असल्या की या पद्धतीने मासा चांगला लागतो असे तिथले जाणकार सांगतात, त्याचे एक कारण हेच असावे.

मात्र यासाठी तरंगा लाटेबरोबर चढला-उतरला पाहिजे. तरंगणारी वस्तू किंचित दाबून सोडली तर ती स्वतःच्या एका ठरावीक आंदोलनकालाने वरखाली होते. वस्तुमान जितके जास्त आणि पृष्ठभागाशी काटछेद जितका कमी, तितका हा काल मोठा. तरंगा आणि जिग मिळून ५ ग्रॅम धरले तर ४ मिलिमीटरच्या कांडीसाठी तो सुमारे १.३ सेकंद येतो आणि अडीच सेंमी.च्या चेंडूसाठी सेकंदाचा पाचवा हिस्सा. चेंडूचा काल लाटेच्या कालापेक्षा खूपच लहान, म्हणून तो लाटेच्या पाठीवर बसून चढतो-उतरतो. कांडीचा काल लाटेच्या कालाच्या जवळपास, म्हणून ती लाटेबरोबर नीट चालू शकत नाही. कधी मागे राहते, कधी पुढे जाते, तिचे टोक पाण्यात बुडते, आणि मासा लागल्याचा भास होतो. शांत पाण्यात बारीक, लाटांत जाड. जे साधन सूक्ष्म फरक दाखवते ते सावकाश हलते, ही अडचण फक्त मासेमाराची नाही. संवेदनशील तराजूचा काटा स्थिर व्हायलाही वेळ लागतोच की.

समुद्रशास्त्रज्ञांनी या 'दोषाचा' मुद्दाम उपयोग करून घेतला. अमेरिकेत १९६२ मध्ये पाण्यात उतरवलेले 'फ्लिप' नावाचे संशोधन-जहाज सुमारे १०८ मीटर लांब होते. ठिकाणावर नेल्यावर त्याच्या टाक्यांत पाणी भरून ते उभे करत. मग त्याचा ९० मीटरांच्या आसपास भाग पाण्याखाली आणि थोडासाच वर. असा प्रचंड उभा तरंगा समुद्राच्या नेहमीच्या लाटांनी फारसा वरखाली होत नाही, आणि त्यावर बसून शांतपणे मोजमापे घेता येतात. २०२३ मध्ये ते संशोधनसेवेतून निवृत्त झाले.

वर्गात करून पाहा

यासाठी सरोवर नको, बादली पुरते. पेन्सिलीच्या जाडीची, १० सेंमी. लांबीची बोरूची कांडी घ्या. नसल्यास रिकाम्या बॉलपेनची नळी दोन्ही टोकांना मेणाने बंद करून चालेल. बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून, स्वच्छ करून, कांडीच्या खालच्या टोकाशी दोऱ्याने बांधा. ही झाली सरकनळी. तिच्यातून तंगूस ओवा. खालच्या टोकाला एक लहान नट बांधा. सरकनळीच्या वरच्या बाजूला तंगुसात मणी ओवा आणि त्याच्यावर शिवणाच्या दोऱ्याची घट्ट गाठ मारा. गाठ नटापासून २० सेंमी.वर ठेवली तर बादलीत कांडी उभी राहील. गाठ ५० सेंमी.वर नेली तर नट तळाला टेकेल आणि कांडी आडवी पडेल. मुलांना बादलीत न डोकावता, फक्त कांडी पाहून पाण्याची खोली शोधायला सांगा. बादलीचे पाणी गढूळ केले तर आणखी मजा येते.

दुसऱ्या तासाला संवेदनशीलता. वीस यू-पिना एकदम तोलून एकीचे वजन काढा. कांडीवर दर अर्ध्या सेंमी.ला खूण करा. नटाला एकेक यू-पिन अडकवत जा आणि कांडी किती बुडते ते नोंदवा. कांडीऐवजी लहान प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन तेच करा. आलेख काढला तर कांडीची रेषा सरळ येईल, चेंडूची येणार नाही. का, ते मुलांनाच विचारा. (पोलादी यू-पिनेचे पाण्यातले वजन हवेतल्यापेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने कमी असते, हे हिशेबात धरायला विसरू नका.)

नट वापरायला सांगितला, शिशाची गोळी नाही. हे मुद्दाम.

शिसे स्वस्त, जड, आणि ३२७ अंशांना वितळणारे. घरच्या चुलीवरही ओतता येते. म्हणून जगभर गळाच्या गोळ्या शिशाच्याच झाल्या. आपल्या कोकणात पाग फेकून मासे धरतात, त्या जाळ्याच्या काठालाही शिशाचे मणी असतात. पण दोरा तुटतो, गोळी तळाशी राहते. मिनेसोटाचा राज्यपक्षी लून. बदकासारखा दिसणारा, काळ्यावर पांढरे ठिपके असलेला, पाण्यात सूर मारून मासे धरणारा. पक्ष्यांना दात नसतात. अन्न दळण्यासाठी लून तळाचे लहान खडे गिळतो आणि ते त्याच्या पेषणीत राहतात. खड्यांबरोबर शिशाची गोळी गेली, किंवा तुटलेल्या दोऱ्यासकट जिग तोंडात राहिलेला मासा त्याने गिळला, तर पेषणीतले खडे आणि आम्ल मिळून ते शिसे झिजवतात. ते रक्तात उतरते. एक लहान गोळीही पक्ष्याला मारायला पुरते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मेलेल्या लूनांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. मृत्यूचे कारण कळू शकले अशा प्रौढ पक्ष्यांमध्ये शिशाची गळसामग्री हेच सर्वांत मोठे कारण ठरले. त्या राज्याने २००० सालापासून लहान गोळ्यांवर निर्बंध आणले आणि २०१६ मध्ये एक औंसापर्यंतच्या जिगही त्यात घेतल्या. इंग्लंडमध्ये हीच गोष्ट हंसांच्या बाबतीत घडली होती. टेम्स नदीवरचे हंस कमी होत गेले, आणि १९८७ पासून तिथे ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या गोळ्या विकण्यावर बंदी आली. त्यानंतर हंसांची संख्या पुन्हा वाढली.

शिशाशिवाय चालणारच नाही, दुसरा धातू घेतला तर गोळी फार मोठी होते, ही नेहमीची तक्रार. तीही आपण गणिताने तपासू. चार ग्रॅम शिशाच्या गोळीचे पाण्यातले वजन ३.६५ ग्रॅम-भार, आणि व्यास ८.८ मिलिमीटर. तरंग्याला फक्त हे पाण्यातले वजन कळते. तेवढ्याच भासमान वजनाची कथिलाची (घनता ७.३) गोळी ४.२३ ग्रॅमची होईल आणि तिचा व्यास १०.३ मिलिमीटर. दीड मिलिमीटरचा फरक! घनता दीडपटीहून अधिक वेगळी असली तरी व्यासात तिचे घनमूळच उतरते, हे मुलांनी स्वतः काढून पाहण्यासारखे आहे. कथिल २३२ अंशांनाच वितळते, म्हणजे ओतायला शिशापेक्षाही सोपे. टंगस्टनची (घनता १९.३) गोळी तर ७.२ मिलिमीटरमध्येच बसते, पण तो घरी ओतता येणारा धातू नाही. खरी अडचण आहे किमतीची. कथिल आणि टंगस्टन दोन्ही शिशापेक्षा बरेच महाग. ही अडचण खोटी नाही, पण ती भौतिकीची नव्हे.

आता आपल्या कपाटाकडे. परीक्षानळीत शिशाचे छर्रे घालून ती पाण्यात उभी तरंगवायची आणि प्लवनाचा नियम पडताळायचा, हा प्रयोग अनेक शाळांत पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. छर्रे मुलांच्या हातून जातात, हात न धुता डबा उघडला जातो. मुलांच्या शरीरात शिशाची अमुक इतकी मात्रा सुरक्षित, असे सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. मज्जासंस्था घडत असलेल्या वयात त्याचा अपाय सर्वांत अधिक.

हे छर्रे बदलायला काहीच लागत नाही. सायकलच्या दुकानात मिळणारे पोलादी छर्रे घ्या. जिग पाण्यात लटकते, म्हणून तिचे आकारमान हिशेबात येते. परीक्षानळीतले छर्रे मात्र पाण्याला शिवतच नाहीत, बाहेरचे पाणी नळीच सारते. त्यामुळे वजन तेवढेच ठेवले तर नळी अगदी तेवढीच बुडेल, धातू कोणताही असो. फरक पडेल तो एकच. पोलादी छऱ्यांचा ढीग शिशाच्या ढिगाच्या सुमारे १.४४ पट उंच होईल आणि गुरुत्वमध्य जरासा वर जाईल. नळी कलू लागली तर आणखी चार छर्रे घाला. जुने शिशाचे छर्रे झाकण घट्ट लावून, बाटलीवर 'शिसे – हात लावू नये' असे लिहून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा. कचऱ्यात किंवा ओढ्यात मात्र टाकू नका. तिथेही पाखरे आहेत.